साखळी, टिपण आणि रेघ

इंदापूर तालुक्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात शोधू गेले तर ते मालोजीराजांच्या अनुषंगाने दोन ओळींत येते आणि लगेच निघून जाते. बारामतीचे भाग्य त्या मानाने थोर. मोरोपंतांनी तेथे बसून आर्या रचल्या आणि कऱ्हेकाठच्या त्या गावाला मराठी वाङ्मयात कायमची जागा मिळाली. इंदापुराला कवी लाभला नाही. त्याच्या वाट्याला आले भीमा आणि नीरा यांच्यामधले लहरी पावसाचे रान, आणि ते रान मोजायला आलेले दोन तरुण इंग्रज अधिकारी. पण या मोजणीतून जे निघाले ते सबंध दख्खनच्या पाठीवर पसरले. साताबाराच्या उताऱ्यावर आज आपण जो एकर, जो गुंठा, जो आकार आणि जो नंबर वाचतो, त्याचा पहिला यशस्वी कित्ता इंदापूर तालुक्यात गिरवला गेला. ही गोष्ट आमच्या भागातल्या शाळांतून सुद्धा कोणी सांगत नाही. मी चित्रकलेचा शिक्षक. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही, आणि नंतर शिकलो ती केवळ हाताची विद्या. तेव्हा इतिहास सांगण्याचा अधिकार मला किती, हे वाचकांनीच ठरवावे. मात्र रेघ कशी ओढतात आणि ओढलेल्या रेघेवर विश्वास किती ठेवावा, हा माझ्या रोजच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, आणि या लेखाचा विषयही तोच आहे.

इंग्रजांच्या आधी आपल्याकडे जमीन मोजत नव्हते असे मुळीच नाही. शिवकाळात पाच हात आणि पाच मुठींची काठी होती. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. पण ही मोजणी कागदावर उतरायची ती शब्दांत. अमक्याचे थळ, त्याची चतुःसीमा, पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याची विहीर, पश्चिमेस वाट, उत्तरेस लिंबाचे झाड. थळझाड्यात शेताचे नाव असे, धन्याचे नाव असे, आकृती नसे. आकृती माणसांच्या डोक्यात असे. दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे, वतनदार उभे राहत, आणि शिवेच्या बाबतीत गावच्या महाराची साक्ष प्रमाण मानीत, कारण शीव रोज पायाखालून जात असे ती त्याच्या. ज्यांना गावाने गावकुसाबाहेर ठेवले त्यांच्याच स्मरणात गावाची हद्द सुरक्षित होती. याला काय म्हणावे, ते मला अजून कळलेले नाही.

पेशवाई गेली आणि कंपनी सरकारला पहिला प्रश्न पडला तो साऱ्याचा. पुणे जिल्ह्यात ही कामगिरी रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याकडे आली. हा गृहस्थ हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला. तेथे खुद्द माल्थस अर्थशास्त्र शिकवीत असे. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. प्रत्येक शेताचे एकूण उत्पन्न काढावे, त्यातून मशागतीचा सगळा खर्च वजा करावा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यावे, असे त्याचे गणित होते. सुमारे १८२७ ते १८३० या काळात त्याने शेते मोजली, मातीचे वर्ग पाडले, बैलांचा चारा, बियाणे, मजुरी यांचे हिशेब मांडले. कागदावर हे सारे इतके रेखीव होते की पाहणाऱ्याने मान डोलवावी. पण प्रत्यक्ष शेतावर उभा असायचा तो कारकून. त्याला निव्वळ उत्पन्न कोठून दिसणार? जो त्याचे हात ओले करी त्याचे काळे रान बरड लिहिले जाई, आणि ज्याच्यापाशी काही नसे त्याचा बरड काळा होई. त्यात पाऊस फिरला आणि धान्याचे भाव पडले. इंदापूर तालुक्यात सारा थकला, सूट देता देता दफ्तर दमले, शेते ओस पडली, आणि काही रयत घरदार सोडून परमुलखात निघून गेली. एका हुशार माणसाने काढलेले एक सुंदर चित्र जमिनीवर टेकलेच नाही.

पुढे १८३५ साली हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा मुंबईच्या इंजिनियर पलटणीतला लेफ्टनंट, असे दोघे इंदापुरात काम करू लागले. दोघांचीही वये पंचविशीच्या आत. त्यांनी प्रिंगलची मापे तपासली, जमिनीचे वर्ग पुन्हा पाडले, आणि निव्वळ उत्पन्नाचे ते सगळे गणित बाजूला सारले. त्यांची पद्धत ओबडधोबड व्यवहाराची होती. शेत हा एकक धरावा, एका बैलजोडीने कसवेल एवढा. त्याला कायमचा नंबर द्यावा. कोपऱ्यांवर खुणेचे दगड पुरावेत. माती पाहून त्याला आणेवारी लावावी. मागच्या वर्षांत रयतेने खरोखर किती सारा भरला आहे ते पाहून दर ठरवावा, आणि तो तीस वर्षे हलवू नये. मुदतीत कोणी विहीर पाडली, बांधबंदिस्ती केली, तर तिच्यासाठी जादा सारा नाही. दर उतरले, पडीक शेते पुन्हा नांगराखाली आली. मग हीच रीत खानदेशात, कर्नाटकात, वऱ्हाडात गेली.

आता त्या मोजणीच्या हत्याराकडे वळू, कारण खरी मौज तेथे आहे. लोखंडी साखळी ३३ फुटांची. तिचे भाग सोळा, आणि त्यांना नाव रुपयाच्या भागांचेच, आणे. म्हणजे एक आणा सुमारे दोन फुटांचा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. ज्याने ही साखळी योजली त्याच्या बुद्धीला दंडवत घालावा, कारण साखळ्यांना साखळ्यांनी गुणले की उत्तर थेट गुंठ्यांतच येते. मध्ये कोठेही भागाकार नाही, अपूर्णांकांची कटकट नाही. खेड्यातल्या मोजणीदाराला एवढे गणित पुरेसे होते. साखळीच्या जोडीला शंकूकाठी, म्हणजे काटकोन साधण्याचे साधे लाकडी साधन. शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साखळी ओढायची, ही पायारेषा. तिच्यावरून चालत जायचे, आणि डावीउजवीकडचा कोपरा काटकोनात आला की तेथून त्या कोपऱ्यापर्यंतचा लंब मोजायचा. मग हे आकडे एका हातकच्च्या आकृतीवर मांडायचे. या कागदाला म्हणतात टिपण.

उदाहरण घेतल्यावाचून हे नीट उमगत नाही. समजा, पायारेषा वीस साखळ्यांची आहे. आठ साखळ्यांवर उजवा लंब पाच साखळ्यांचा निघाला, आणि बारा साखळ्यांवर डावा लंब सहा साखळ्यांचा. उजवीकडच्या त्रिकोणाचे क्षेत्र वीस गुणिले पाचच्या निम्मे, म्हणजे पन्नास. डावीकडचे वीस गुणिले सहाच्या निम्मे, म्हणजे साठ. एकूण एकशेदहा गुंठे, म्हणजे दोन एकर तीस गुंठे. हा हिशेब जेथे मांडतात ते गुणाकार बुक. आता टिपणावरची ती आकृती कशी असते? वाकडीतिकडी. माझ्या आठवीतल्या मुलाने काढली तर मी ती परत पाठवीन. पण तिच्यावरचे आकडे खरे असतात, आणि आकडे खरे असले म्हणजे आकृती कशीही असो, त्यावरून शेत पुन्हा कोणत्याही प्रमाणात, कोणत्याही कागदावर बिनचूक काढता येते. टिपण हे शेताचे चित्र नव्हे. चित्र कसे काढावे याचा तो मजकूर आहे.

हा भेद मला समजावून सांगितला तो माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. हा मुलगा इंदापुराच्या अलीकडच्या एका वाडीतला. बारामतीला इंजिनियरिंग करून पुण्याला संगणकाच्या कंपनीत लागला. गेल्या उन्हाळ्यात घरी आला होता. त्याच्या पडद्यावर मी चौकटी आणि बाण पाहिले, आणि चित्रकलेचा मास्तर या नात्याने विचारले की, एवढ्या सरळ रेघा तू कशाने ओढतोस रे?

तो हसून म्हणाला, "सर, मी रेघ ओढतच नाही. कोणती चौकट कोणत्या चौकटीला जोडलीय, एवढंच लिहून ठेवतो. चित्र यंत्र काढतं."

"आणि उद्या एक चौकट वाढली तर?"

"तर एक ओळ वाढवायची. चित्र परत निघतं. चित्रात हात घालायचाच नाही, सर. चित्र दुरुस्त केलं आणि मजकूर तसाच राहिला, की पुढच्या माणसाचा घात होतो."

त्याने सांगितले ते थोडक्यात असे. मोठी प्रणाली बांधण्यापूर्वी तिचा आराखडा करतात. कोणते घटक, कोणाचे कोणाशी नाते, कोणी कोणाला केव्हा हाक मारायची. हे दाखवण्याच्या खुणा पूर्वी प्रत्येकाच्या निराळ्या होत्या. बूच, रम्बॉ आणि जेकबसन या तिघांनी आपापल्या खुणा एकत्र करून एक भाषा तयार केली, आणि १९९७ साली ती सर्वमान्य झाली. तिचे नाव यूएमएल. मला तत्क्षणी आठवला तो १८४७ सालचा संयुक्त अहवाल. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांनी तो लिहिला, आणि इंदापुराहून निघून दख्खनभर वाढलेल्या मोजणीला एकच रीत, एकच खूणपद्धती घालून दिली. मातीचे वर्ग नऊ. त्यांचे मोल सोळा आणे, चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि दोन. जमिनीचे दोष सात. चुनखडीला एक खूण, रेतीला दुसरी, उताराला तिसरी, पाणी साचण्याला आणखी एक. शेताची आकृती चौकटींत विभागायची आणि प्रत्येक चौकटीत वर्गाचा आकडा आणि दोषाची खूण मांडायची. ती वही धारवाडात उघडा नाहीतर खानदेशात, वाचणाऱ्याला अर्थ तोच लागावा. तीन माणसे इकडे, तीन माणसे तिकडे, आणि मध्ये बरोबर दीडशे वर्षे. योगायोगाला अर्थ नसतो हे मी जाणतो, पण कादंबरीकाराला असे योगायोग सोडवत नाहीत.

आराखड्याचा मजकूर झाला. आता तो दहा गावच्या दहा माणसांना आपापल्या पडद्यावर दिसावा कसा? छायाचित्रासारखे चित्र पाठवले तर ते ठिपक्यांचे बनलेले असते. मोठे करून पाहावे तर रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसते आणि अक्षर फुटते. म्हणून ठिपके न पाठवता सूचना पाठवायच्या. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ, येथे चौकट, येथे अक्षर. पाहणाऱ्याचे यंत्र त्या सूचना वाचून आपल्याजागी चित्र काढते, मग ते तळहाताएवढे असो की भिंतीएवढे. ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेत आयव्हन सदरलंड याने १९६३ साली स्केचपॅड नावाची प्रणाली केली. तीत प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर ओबडधोबड रेघा काढून त्या समांतर आहेत असे यंत्राला सांगितले की यंत्र त्या समांतर करून देई. महाजालावर पाहता येणाऱ्या अशा रेषाचित्रांसाठी २००१ साली एक सर्वमान्य लिपी ठरली, तिचे नाव एसव्हीजी. ती उघडून वाचता येते, हे तिचे वैशिष्ट्य. वर सांगितलेले शेत त्या लिपीत लिहायचे म्हटले तर आकड्यांच्या चार जोड्या पुरतात: शून्य आणि शून्य, आठ आणि पाच, वीस आणि शून्य, बारा आणि वजा सहा. टिपणात याहून निराळे काय होते? विंगेटच्या मोजणीदाराला कोणी ही लिपी दाखवली असती तर अर्ध्या घटकेत तो ती वापरू लागला असता.

पण कागदपत्रांच्या इतिहासात आकड्यांपेक्षा चित्राला मान अधिक मिळतो. टिपणांवरून गावचा नकाशा काढला गेला, एका इंचाला वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट. एका मैलाला आठ इंच. हा गावनकाशा कापडावर चिकटवलेला, घड्या पडलेला, तलाठ्याच्या आणि कचेरीच्या दफ्तरात राहिला, आणि लोक त्यालाच मोजणी समजू लागले. वास्तविक तो मोजणीचे फळ, मूळ नव्हे. त्याचे प्रयोजनही ठाऊक असले पाहिजे. सरकारला सारा किती येणार हे कळावे म्हणून तो निघाला. दोन भावांमधला बांध हातभर इकडे की तिकडे, हे सांगण्यासाठी नव्हे.

अर्थात साऱ्याच्या कागदाने माणसांचे काय होते तेही याच तालुक्यांनी पाहिले. इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली आणि १८६७ साली फेरआकारणी झाली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेली तेजी नुकतीच ओसरत होती, आणि दर मात्र तेजीच्या उजेडात पाहून चांगलेच वाढवले गेले. रयत सावकाराच्या दारी गेली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक उठले. हे सुपे त्या वेळी भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. सावकारांची घरे फुटली, पण लोकांना हवे होते ते कागद. रोखे आणि हुकूमनामे शोधून शोधून जाळले गेले. चौकशीला कमिशन बसले, त्यातल्या ऑकलंड कॉल्व्हिनने वाढीव साऱ्यावर बोट ठेवले, आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांना कोणत्या कागदात आपला गळा अडकला आहे हे मात्र अचूक वाचता आले होते.

त्यानंतरची शंभर वर्षे या नकाशावर ओरखडेच ओरखडे आहेत. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला. तो बारामती-इंदापुरातल्या शेतांच्या नंबरांना तिरपा छेदून गेला, आणि त्याच्या पाण्यावर पुढे माळेगाव, सोमेश्वर, वालचंदनगर यांचा ऊस उभा राहिला. एका नंबराचे दोन तुकडे झाले की कमी-जास्त पत्रक करायचे. भावाभावांत वाटणी झाली की पोटहिस्सा आणि त्याची फाळणी. खरेदी झाली की फेरफार. माझा विद्यार्थी म्हणतो की, त्यांच्याकडे सुद्धा प्रत्येक बदलाची अशीच नोंद ठेवतात, कोणी केला, केव्हा केला, आधी काय होते. फेरफाराची वही त्याने आधी पाहिली असती तर तो विषय त्याला कॉलेजात शिकावा लागला नसता. १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याने गावोगाव एकत्रीकरण झाले, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि बऱ्याच ठिकाणी जुन्या टिपणाचा आणि नव्या गटाचा सांधा जुळवणे हे एक शास्त्रच होऊन बसले. मग १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. भीमाकाठची इंदापुराची गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते, आणि उघड्या पडलेल्या गाळपेरीच्या जमिनीवर माणसे पुन्हा आपला जुना बांध शोधतात. बांध कोठला? चिखल सगळा सारखा. पण गावनकाशावर ते नंबर जागच्या जागी आहेत. पाण्याला नंबराची माहिती नाही आणि नंबराला पाण्याची.

आता हे सारे महाजालावर आले आहे. जमिनीच्या नोंदींच्या संगणकीकरणाची केंद्राची मोठी योजना २००८ सालची. आपल्या राज्यात महाभूलेखावर साताबारा दिसतो आणि महाभूनकाशावर गावनकाशा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या भूनक्शा प्रणालीवर तो चालतो. गट नंबर टाकावा, शेताची आकृती उजळते, बोटांनी ताणावी तशी मोठी होते. चावडीपुढे दिवस घालवलेल्या आमच्या आधीच्या पिढीला हा चमत्कार वाटतो, आणि तो आहेच. त्याला नावे ठेवण्याचा कोतेपणा मी करणार नाही. जी प्रत मिळवण्यासाठी माणूस चार खेपा घालीत असे ती आता बाजेवर बसून दिसते.

माझी तक्रार एका बारीक गोष्टीपुरती आहे. पडद्यावरच्या या रेघा पुष्कळ ठिकाणी निघाल्या त्या टिपणातून नव्हेत, जुन्या गावनकाशावरून. नकाशा स्कॅन करायचा, पडद्यावर ठेवायचा, आणि त्यावरच्या शाईवरून बिंदू टिपीत जायचे. मजकूर बाजूला राहिला आणि चित्राचे चित्र झाले. शाईच्या रेघेची जाडी अर्धा मिलिमीटर धरा. एका इंचाला ६६० फूट या मापाने त्या अर्ध्या मिलिमीटरच्या पोटात सुमारे तेरा फूट जमीन बसते. आपले वरचे शेत वीस साखळ्यांचे, म्हणजे नकाशावर बरोबर एक इंच. एवढ्या इंचभर रेघेच्या शाईखाली जवळजवळ आठ गुंठे रान आहे. त्यातून कागद जुना. तीस इंची कागद शेकडा एक आकसला तर टोकापासून टोकापर्यंत १९८ फुटांचा फरक पडतो, आणि हा फरक सगळीकडे सारखा वाटला गेलेला नसतो. घडीपाशी अधिक, कापड ताणलेले असेल तेथे उलटा. शिवाय या गावनकाशांवर अक्षांश-रेखांश नाहीत. प्रत्येक गाव आपल्यापुरते बरोबर. दोन गावांचे नकाशे शेजारी ठेवले की शीव कोठे एकावर एक चढते आणि कोठे दोहोंच्या मधे फट राहते.

कागदावर हे दिसत असे. जाड रेघ पाहून माणूस समजे की येथे नक्की सांगता येणार नाही. पडद्यावरची रेघ मात्र कितीही मोठी केली तरी केसाएवढीच राहते. हाच तर तिचा गुण. आराखड्याच्या चौकटीला हा गुण शोभतो, कारण त्या चौकटीला मुळात जाडी नसतेच. शेताच्या बांधाला असते, आणि बांधावर बाभळही असते. परवा आमच्या गावात दोन चुलतभाऊ मोबाईल हातात धरून बांधावर उभे होते. निळा ठिपका एकाच्या उसात सात फूट आत. थोरला म्हणाला, "बघ की, सरकारी नकाशा हाय." धाकट्याने त्याच्याशी बोलणे टाकले आहे. हद्द ठरवायची ती रीतसर मोजणीनेच ठरते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते असे नाही. पण काळ्या रेघेवर निळा ठिपका डोळ्यांनी दिसत असता मोजणीच्या अर्जाची वाट पाहण्याचा धीर कोणाला?

नवी मोजणी आता उपग्रहाच्या आधारे, रोव्हर नावाच्या काठीने होते, आणि तिचे बिंदू पृथ्वीवरच्या खऱ्या जागेला बांधलेले असतात. गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली. त्या कामाची पहिली चाचणी आमच्याच जिल्ह्यात, पुरंदरच्या सोनोरीला झाली, आणि २०२० साली स्वामित्व या नावाने ती देशभर गेली. रोव्हर खोटे बोलत नाही. पण ते आज जेथे दगड आहे तेथला बिंदू सांगते. दगड मुळात कोठे होता ते फक्त टिपण सांगते. म्हणून मोजणीला आलेला जाणता भूकरमापक यंत्र रोवण्याआधी जुने टिपण काढून बसतो. ज्या ठिकाणी ते मिळते त्या ठिकाणी तंटा अर्धा मिटतो, असे मी या माणसांकडून ऐकले आहे आणि दोनदा पाहिलेही आहे.

तेव्हा खरे काम शिल्लक आहे ते टिपणांतले आकडे वाचून त्यांवरून रेघा काढण्याचे. जुन्या अभिलेखांचे स्कॅन झाले, ते फार चांगले झाले, कारण कसर आणि ओल यांना मुदतवाढ नसते. परंतु स्कॅन केलेले टिपण हे यंत्राच्या दृष्टीने ठिपक्यांचे चित्र. त्यातला सात हा त्याला सात म्हणून कळत नाही. त्यात पुष्कळसे मोडीत. यंत्राला मोडी शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि माझ्या विद्यार्थ्याला त्याची फार उमेद आहे. मी त्याला एवढेच विचारले की, घाईत लिहिणाऱ्या कारकुनाचा हात तू यंत्राला कसा शिकवणार? तो म्हणाला, "खूप नमुने लागतील, सर. तुम्ही वाचून द्या."

मी मोडी हौसेने शिकलो होतो, एका ऐतिहासिक कादंबरीच्या निमित्ताने. कादंबरी खपली नाही. मोडी उपयोगी पडते आहे. त्या दोघा चुलतभावांपैकी धाकट्याने टिपणाची नक्कल मिळवली, आणि आठवड्यापूर्वी ती घेऊन माझ्याकडे आला. पायारेषेचे आकडे स्वच्छ लागले. पहिले दोन लंब लागले. तिसरा लंब, म्हणजे ज्या कोपऱ्याचा वाद आहे तो, सात साखळ्या आणि पुढे काही आणे. तो आणे दाखवणारा आकडा सहा असावा किंवा नऊ. शाई तेथे घडीत सापडली आहे. गुणाकार बुकातले क्षेत्र मिळाले तर उलट गणित करून आकडा काढता येईल, म्हणून त्याला त्या पानाची नक्कल मागायला सांगितले आहे. सहा आणि नऊ यांत तीन आण्यांचा फरक, म्हणजे सहा फूट. दोन्ही बाजूंना आडसाली ऊस उभा आहे, आणि कारखान्याची टोळी यायला अजून महिना तरी आहे.